नाण्यावरील उंचवटा आणि ठशाचा टवका

जालना जिल्ह्यांतील जुन्या घरांतून देवघराच्या फळीवर किंवा कपाटाच्या तळच्या खणांत एखादी पितळी डबी बहुधा सांपडते. चलनांतून गेलेलीं, पण टाकून देण्यास मन न होणारीं नाणीं तिच्यांत पडून असतात. एखादी झिजलेली शिवराई, निजामाच्या राज्यांतील दोन पै, दुसऱ्या महायुद्धांतला भोकाचा पैसा, १९५७ सालीं दशमान पद्धति आली तेव्हांचा नया पैसा, आणि ३० जून २०११ पासून ज्यांचें चलन कायद्यानें थांबलें ते दहा पैसे आणि चार आणे. अशी डबी कधीं पालथी घातली तर एखाद्या नाण्यावर, सालाच्या आंकड्याजवळ किंवा अक्षराच्या पोटांत, धातूचा एक बारीक उंचवटा दिसतो. तो तेथें असावयास नको, हें साध्या डोळ्यांनाहि कळतें. तो टांकसाळींत आला कीं मागाहून, हें मात्र सहसा कळत नाहीं.

प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्याच्यामागें आतां पैशाचा व्यवहार लागला आहे. अमुक ठिपक्याचें नाणें द्या आणि लाख रुपये घ्या, अशा जाहिरातींनीं अलीकडे पुष्कळ भाबड्या माणसांना फसविलें आहे. विकणाराकडूनच आधीं 'नोंदणीचे' म्हणून पैसे उकळावयाचे आणि मग नाहींसें व्हावयाचें, हा त्यांतला नेहमींचा डाव. रिझर्व्ह बँकेचें नांवहि या कामीं वापरलें जाऊं लागलें, तेव्हां त्या बँकेनें ऑगस्ट १९२१ च्या बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे ऑगस्ट २०२१ मध्यें, असल्या देवघेवीशीं आपला कांहींहि संबंध नसल्याचें पत्रक काढून लोकांस सावध केलें. उलट बाजूनें पाहिलें तर ज्या नाण्यांतून टांकसाळीचें काम कसें चालत होतें हें शिकतां येईल, तें नाणें अज्ञानानें घासूनपुसून निकामी करणारेहि थोडे नाहींत. दोन्हीं प्रकारच्या हानीवर उपाय एकच : उंचवटा पाहून त्याचें कारण ओळखतां येणें.

'कलदार' हा शब्द मराठवाड्यांत अजूनहि वृद्धांच्या तोंडीं येतो. कळ म्हणजे यंत्र. यंत्रानें पाडलेला तो कलदार रुपया. जालन्यास इंग्रजांची छावणी असल्यामुळें कलदार आणि निजामाचा हाली सिक्का अशीं दोन नाणीं येथील बाजारांत शेजारीं शेजारीं चालत. पुढें सुमारें सात हाली रुपयांस सहा कलदार असा भाव स्थिर झाला आणि सराफांची आंकडेमोड कांहींशी सोपी झाली. हाली नाणें पुष्कळ काळ हातानेंच पाडलें जात असे. हैदराबादची टांकसाळ १९०३ सालीं सैफाबादेस नव्या इमारतींत गेली आणि तेथें यूरोपांतून आणलेल्या यंत्रांवर चारमिनारचीं सुबक, वाटोळीं नाणीं पडूं लागलीं. नाण्यांतला दोष ओळखण्यापूर्वीं तें हातानें पाडलेलें कीं यंत्रानें, हें ठरविणें अगदीं अवश्य आहे. कारण एका पद्धतींत जो दोष, तो दुसरींत नित्याचाच प्रकार.

शिवराईचेंच पाहा. एका अंगास 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या अंगास 'छत्रपति' अशीं अक्षरें असलेला हा तांब्याचा पैसा. खालचा ठसा ऐरणींत रोंवलेला, वर तांब्याची चकती, तिच्यावर हातांत धरलेला दुसरा ठसा आणि त्यावर घणाचा घाव, अशी ही रीत. चकती ठशाहून लहान असली कीं कडेचीं अक्षरें बाहेरच राहत. घाव तिरपा बसला तर एक बाजू खोल आणि दुसरी पुसट. हात हलून दुसरा घाव पडला तर अक्षरांवर अक्षरें. शिवराई एका टांकसाळींत किंवा एका पिढींत पडलेली नाहीं. शिवकालानंतरहि ती निरनिराळ्या ठिकाणीं पाडली जात होती आणि प्रत्येक ठसा कोरणाराचें वळण वेगळें होतें. तेव्हां 'छत्रपति' मधला अर्धाच 'छ' उमटलेली शिवराई दाखवून तिला टांकसाळीची चूक म्हणणें म्हणजे हातानें थापलेली भाकरी वाटोळी नाहीं म्हणून तक्रार करण्यासारखें आहे. हातानें पाडलेल्या नाण्यांतहि ठसे फुटत आणि त्यांच्या खुणा नाण्यावर येत. पण त्या ओळखण्यास एकाच ठशाचीं पुष्कळ नाणीं हाताशीं असावीं लागतात, आणि तें काम अभ्यासकांचें आहे.

यंत्राच्या नाण्याची गोष्ट निराळी. तेथें चकती नेमक्या वजनाची व मापाची असते. ती एका पोलादी कड्यांत बसते, खालीं एक ठसा, वरून दुसरा उतरतो आणि एका दाबांत दोन्हीं अंगें व कड तयार होतात. एक नाणें दुसऱ्यासारखें हुबेहूब असावें हाच या योजनेचा हेतु. म्हणूनच त्यांतला फरक डोळ्यांत भरतो.

ठशावर अक्षर उलटें आणि खोल कोरलेलें असतें. दाब पडला कीं चकतीचा धातु त्या खोलगटांत चढतो आणि नाण्यावर अक्षर सुलटें व उंच उठतें. आतां समजा, ठशाच्या सपाट भागाचा एक टवका उडाला. तेथें खड्डा पडला. पुढच्या दाबांत धातु त्या खड्ड्यांतहि शिरणार. म्हणजे ठशावरून जें गेलें तें नाण्यावर अधिक होऊन येतें. ठशाचा खड्डा तो नाण्याचा उंचवटा. ठशाचा तडा ती नाण्यावरील उंच रेघ. होळी-पाडव्याच्या साखरगाठी ज्या लांकडी साच्यांत ओततात, त्या साच्याचा कांठ आंतून उडाला असेल तर प्रत्येक गाठीवर त्याच जागीं साखरेचें बोंड येतें, हें अनेक गृहिणींनीं पाहिलें असेल. जालना शहरास तर याहून जवळचें उदाहरण आहे. तेथील कारखान्यांतून बांधकामाच्या सळया निघतात. सळईवरच्या आडव्या कंगोऱ्यांसाठीं लाटणाऱ्या रुळांत खांचा कोरलेल्या असतात. त्या रुळाचा बारीकसा टवका निघाला तर रुळाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक, ठराविक अंतरानें, सळईवर एक फोड उठलेला दिसतो. रुळावर काम करणाऱ्या कामगारास नाण्याचा हा प्रकार समजावून सांगण्याची गरजच पडूं नये.

टवका कोठें उडतो यालाहि नियम आहे. अक्षराच्या बंद पोटांत जी मोकळी जागा असते, तिच्या ठिकाणीं ठशावर पोलादाचें एक लहानसें बेट उभें असतें. चारी बाजूंनीं कोरलेलें, म्हणून तें दुबळें. दाबाचे हजारों आघात सोसून प्रथम मोडावयाचें तें हेंच. 'भ' ची गांठ, 'प' चें पोट, '८' चीं दोन वर्तुळें, '६' आणि '९' यांच्या वाट्या, या जागा भरून आलेल्या दिसल्या तर टवक्याचा संशय घेण्यास जागा आहे. १९५७ च्या नया पैशावर 'रुपये का सौवाँ भाग' अशीं बारीक अक्षरें आहेत. त्यांतील 'सौ' च्या दोन मात्रांमधली फट अशीच अरुंद आहे. इतक्या लहान नाण्यावर इतका मजकूर घालण्याचा मोह आंखणी करणारास आवरला नाहीं, याचा त्रास ठशाला झाला असल्यास नवल नाहीं. नाण्याचा धातु जितका कठीण, तितका ठशावर ताण अधिक. म्हणून १९८८ पासून निघालेल्या पोलादी लहान नाण्यांवरहि असे उंचवटे शोधून पाहावे.

टवका एका दिवसांत वाढत नाहीं, आणि तो वाढत असतां नाणीं पडतच असतात. आधीं केसासारखी रेघ, मग त्या रेघेच्या कडेला दाणा, आणि शेवटीं कांठाजवळचा तुकडाच निखळून नाण्याच्या कडेस चंद्रकोरीएवढा सपाट ढेकूळ, ज्याच्याखालीं अक्षरें पार गडप झालेलीं. हे टप्पे दाखविणारीं चार-पांच नाणीं जमलीं तर तीं ओळीनें मांडून ठशाच्या आयुष्याची हकीकत वाचतां येते. खऱ्या टवक्याची सर्वांत भक्कम साक्षहि यांतच आहे. त्याच सालाच्या, त्याच टांकसाळीच्या दुसऱ्या नाण्यावर नेमक्या त्याच जागीं तोच उंचवटा सांपडला, तर तो ठशाचा, यांत शंका उरत नाहीं. अपघात दोनदां त्याच बिंदूवर घडत नाहीं.

आतां हैदराबादच्या नाण्यांकडे वळूं जाता एक विशेष अडचण उभी राहते, आणि मराठवाड्याच्या डब्यांतून हींच नाणीं अधिक असल्यामुळें तिचा विचार थोडा विस्तारानें करणें योग्य होईल. त्यांवरील साल हिजरी आणि आंकडे फारशी वळणाचे. त्या लिपींत शून्य म्हणजे केवळ एक ठिपका. एक म्हणजे उभी रेघ. तिच्या डोक्यास एक दांत आला कीं दोन, दोन दांत आले कीं तीन. अक्षरांतहि कित्येकांचा भेद केवळ नुक्त्यांच्या संख्येवर अवलंबून. अशा लिपींत ठशाचा टवका म्हणजे नवा ठिपकाच! आंकड्याशेजारीं टवका उमटला तर नवखा वाचक एक शून्य अधिक वाचील. खरें शून्य ठशांतल्या तेलकट मळानें बुजलें असेल तर एक शून्य कमी वाचील. आणि दोन दांतांमधली खांच भरली गेली तर तीनाचे दोन होतील.

या घोटाळ्यांतून सुटण्याची सोय नाण्यावरच आहे. मीर उस्मान अली खान ऑगस्ट १९११ मध्यें, म्हणजे हिजरी १३२९ च्या रमजानांत, गादीवर आले. त्यांच्या बहुतेक नाण्यांवर एका अंगास हिजरी साल आणि दुसऱ्या अंगास राज्यारोहणापासूनचें वर्ष दिलेलें आहे. हिजरी सालांतून १३२८ किंवा १३२९ वजा केले कीं राज्यवर्ष यावयास हवें. नाण्यावर १३४० साल असेल तर मागें ११ किंवा १२ पाहिजे. १३४३ असेल तर १४ किंवा १५. एका बाजूचा आंकडा संशयित झाला तर दुसऱ्या बाजूस विचारावें. दोन ठसे निरनिराळे असल्यानें दोन्हींवर एकाच प्रकारची इजा होण्याचा संभव फार थोडा. हा ताळा पांच मिनिटांत शाळकरी मुलालाहि घालतां येतो आणि त्यासाठीं फारशी भाषा येण्याची जरूरी नाहीं, दहा आंकडे ओळखतां आले म्हणजे पुरे.

चारमिनारच्या कमानींतलें अक्षरहि असेंच तपासण्यासारखें आहे. मीर महबूब अली खान यांच्या नाण्यांवर तेथें 'मीम' आहे, उस्मान अली खान यांच्यावर 'ऐन'. यांच्या अगदीं आरंभींच्या नाण्यांवर हें 'ऐन' आखूड आहे, पुढें तें पूर्ण झालें. आखूड 'ऐन' पाहून कोणी त्याला तुटलेला ठसा समजूं नये. ती मुद्दाम केलेली आंखणी होती, आणि मागाहून ती बदलली.

आंखणींतली चूक आणि ठशाची इजा यांतील भेद १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयानें सर्वांत चांगला दाखविला आहे. राजाच्या अंगरख्यावरील पदकमालेंत एक लहानसा हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली कीं लोकांना तो डुकरासारखा दिसला, आणि मुसलमान व हिंदु दोन्हीं समाजांत त्यावरून कुजबूज सुरू झाली. बाजारांत गेलेले पुष्कळसे रुपये परत घेऊन, न गेलेल्यांसह वितळविण्यांत आले व १९१२ पासून सोंड लांब झाली. हा दोष मूळ नमुन्यांतच असल्यामुळें त्या नमुन्याच्या प्रत्येक रुपयावर तो आहे. टवका मात्र एकाच ठशाच्या नाण्यांपुरता असतो, आणि त्या ठशाचींहि सर्व नव्हत, तर फुटल्यानंतरचींच.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांत फसवणुकीचें मूळ सालाखालच्या चिन्हांत आहे. मुंबईच्या टांकसाळीची खूण चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची वाटोळा ठिपका आणि कलकत्त्याची खूण म्हणजे कांहींच नाहीं. कलकत्त्याच्या नाण्यावर सालाखालीं टवका आला कीं तें नोएडाचें भासतें. येथें पहिला प्रश्न सालाचा विचारावा. नोएडाची टांकसाळ १९८८ सालीं सुरू झाली. तेव्हां १९७५ किंवा १९८२ च्या नाण्यावरील ठिपका नोएडाचा असूंच शकत नाहीं. तो एक तर टवका, किंवा झिजून कोपरे गेलेली मुंबईची चौकट. साल नंतरचें असेल तर तेवढ्याच किंमतीचें, निश्चित नोएडाचें नाणें शेजारीं ठेवावें. खूण असलेला ठिपका बरोबर मध्यभागीं, बेताच्या उंचीचा आणि गोल असतो. टवका वेडावांकडा, एका बाजूस कलता, आणि माथ्यावर खडबडीत. या परीक्षेस लागणारें साधन म्हणजे दहा पटींचें भिंग आणि खिडकींतून येणारा तिरपा उजेड. डोक्यावरचा दिवा या कामीं शत्रु आहे. त्याच्या प्रकाशांत उंच आणि खोल यांचा भेद कळेनासा होतो. नाणें हळूहळू फिरवून सांवली कोणत्या बाजूस पडते हें पाहिलें म्हणजे झालें.

इतर चुका थोडक्यांत सांगतां येतील. चकती कड्यांत नीट बसली नाहीं तर चित्र एकीकडे सरकतें आणि उरलेल्या भागीं कोरी चंद्रकोर राहते. पत्र्यांतून चकत्या तोडतांना आधींच्या भोकावर पुन्हां आघात झाला तर नाण्याची कड चावल्यासारखी दिसते. चकती न येतांच दोन ठसे एकमेकांवर आदळले तर एकाचें चित्र पुसटपणें दुसऱ्यावर उमटतें. एखादें नाणें ठशालाच चिकटून राहिलें तर पुढच्या चकतीवर त्याचें चित्र खोल व उलटें उठतें. हा प्रकार विरळा आणि पाहण्यासारखा. १९४३ पासून १९४७ पर्यंतच्या भोकाच्या पैशांत भोंक बाजूस सरकलेलें आढळतें. युद्धकाळांत तांबें वांचविण्यासाठीं हा पैसा निघाला, आणि त्याच सुमारास हैदराबादनेंहि आपल्या दोन पैला मध्यें भोंक पाडलें. भोंक मुळींच नसलेला असा पैसा कोणी दाखविला तर तो बुजवून घासलेला नाहीं ना, हें वजनावरून आणि भिंगाखालीं आधीं पाहावें.

टांकसाळीबाहेर झालेल्या इजा याहून पुष्कळच अधिक, आणि लोक फसतात ते बहुधा तेथेंच. जालना जिल्ह्यांतील तांड्यांवर बंजारा स्त्रियांच्या अंगावर नाण्यांचे दागिने शोभतात. नाण्याला झाळून नाका बसविलेला असतो. दागिना मोडला कीं नाका काढून नाणें बाजारांत येतें आणि झाळेचा एक थेंब मागें उरतो. तो उंच असतो, चकचकीत असतो, आणि दुरून हुबेहूब टवक्यासारखा दिसतो. भिंगाखालीं मात्र त्याची किनार वितळून पसरलेली दिसते, रंग किंचित् पांढरट असतो आणि तो अक्षरांच्या वर बसलेला असतो. टवका हा नाण्याच्याच धातूचा, त्याच रंगाचा आणि त्याच कातडीचा. त्याच्यावरून झीजहि बाकीच्या नाण्यासारखीच गेलेली असते. शहागडजवळ गोदावरींत वाहिलेलीं नाणीं वाळूंतून पुन्हां वर येतात, त्यांवर खड्डे असतात. खड्डा हा सहसा मागाहून झालेला. उंच असेल तर ठशाकडे पाहावें, खोल असेल तर आधीं जगाकडे पाहावें, हा ढोबळ नियम शंभरांत बहुतेक वेळां उपयोगी पडतो. दोन्हीं बाजूंस एकच चित्र असलेलें नाणें कोणी दाखविलें, तर त्याच्या कांठावर नखानें जोड शोधावा. दोन नाणीं घांसून चिकटविण्याची ही करामत जुनीच आहे.

घरांतल्या माणसांकडूनहि पुरावा नष्ट होतो. सणाच्या आधीं तांब्याचीं भांडीं चिंच-मीठ लावून घांसण्याची रीत चांगलीच आहे, परंतु तिच्यांत डबींतल्या पैशांनाहि ओढलें जातें. चिंचेनें काळसर कातडी निघून जाते आणि टवक्यावरची जुनी झीज व नवी झाळ यांतला फरक ओळखण्याचें साधनच हातचें जातें. मळ फारच असेल तर नुसत्या पाण्यांत रात्रभर ठेवून मऊ कापडानें टिपावा, चोळूं नये.

किंमतीविषयीं स्पष्ट बोलणें बरें. लहान टवक्याला संग्राहक फारसें अधिक देत नाहींत. ठसे फुटणें ही प्रत्येक टांकसाळींतील रोजची गोष्ट आहे, आणि अशीं नाणीं लाखांनीं बाहेर पडलेलीं आहेत. कांठाचा मोठा ढेकूळ, बरेंच सरकलेलें चित्र किंवा उलट उमटलेलें नाणें यांना मात्र खरी मागणी असते, तीहि जाणत्या लिलावांत. घरीं येऊन किंवा दूरध्वनीवरून भाव सांगणाराचा आंकडा जितका मोठा, तितका त्याच्यावरील विश्वास लहान असावा. शेतांत नांगरतांना नाण्यांचा सांठा लागला तर तो प्रश्नच वेगळा : १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यान्वयें, पुरून ठेवलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ऐवज सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें बंधनकारक आहे.

संशयित नाणें डबींत इतरांबरोबर खुळखुळत ठेवूं नये. तें कागदाच्या लहान पुडींत घालून वर साल, टांकसाळ आणि उंचवट्याची जागा लिहावी. जागा लिहिण्यास घड्याळाचे आंकडे सोईचे पडतात : चित्र सरळ धरल्यावर 'पांचाच्या जागीं, कांठापासून दोन मिलिमीटर आंत' असें. दुसऱ्या घरच्या डबींत तेंच नाणें निघालें, तर पुडीवरील ओळ वाचून जुळणी करतां येते.